सुन जिहाईचे क्लब

"आपला एक तरी पोरगा इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये जाऊ दे, मग बघ भारतातला फुटबॉल." आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य दर दोन महिन्यांनी येतं. 2025 च्या जुलैत आयएसएल, आपली फुटबॉल लीग, लांबणीवर पडली तेव्हा तर रात्रभर हेच चाललं होतं. मी मँचेस्टरला राहतो, त्यामुळे शेवटी सगळे माझ्यावर घसरले: तू सांग.

सांगतो. कोथिंबीर आणायला मी रशोमला जातो. तिथून थोडं चाललं की मेन रोड, मँचेस्टर सिटीच्या जुन्या मैदानाची जागा. आता तिथे विटांची घरं आहेत, दारांत कचऱ्याचे डबे, आणि एका गल्लीचं नाव ब्लू मून वे. 2002 च्या फेब्रुवारीत सिटीचा तेव्हाचा मॅनेजर केविन कीगनने 20 लाख पौंड मोजून इथे चीनचा एक बचावपटू आणला. सुन जिहाई. (आईला फोनवर नाव सांगितलं, तर म्हणाली, कुणाची सून?)

गडी डालियनचा. 1998 मध्ये, विशीतच, चीनच्याच फान जियीबरोबर लंडनच्या क्रिस्टल पॅलेस क्लबला येऊन परत गेला होता. सिटीत मात्र टिकला. उजवा बॅक, डावा बॅक, वेळ पडली तर मधल्या फळीत. सांगाल तिथे उभा. ऑक्टोबर 2002 मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध गोल केला, प्रीमियर लीगमधला चिनी खेळाडूचा पहिला. 2004 मध्ये चेल्सीविरुद्ध गुडघा गेला, अख्खा हंगाम बुडाला, तरी परत आला. सिटीकडून सामन्यांची शंभरी ओलांडली. 2015 मध्ये शी जिनपिंग मँचेस्टरला आले तेव्हा त्याला इथल्या फुटबॉल संग्रहालयाच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. लोकांनी नाकं मुरडली. मलाही ते राजकारणच वाटतं, पण त्यात त्याचा काय दोष?

म्हणजे चीनला तो 'एक पोरगा' मिळाला होता. एक कसला, दोन. चीनचाच ली तिए 2002 मध्येच लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबला आला. 1 जानेवारी 2003 ला दोघे समोरासमोर खेळले, 2-2 बरोबरी झाली, आणि चीनमध्ये कोट्यवधी लोक टीव्हीपुढे बसले होते म्हणे.

पुढे काय झालं? 2002 चा विश्वचषक चीनचा पहिला. तीन सामने, तीन पराभव, 9 गोल खाल्ले, केला एकही नाही. सुन तर पहिल्याच सामन्यात, कोस्टा रिकाविरुद्ध, जखमी होऊन बाहेर गेला. त्यानंतर चीन पुन्हा विश्वचषकाला गेलेलाच नाही. 2026 ला 48 संघ केले, तरी नाही. ली तिए राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि लाचखोरीत डिसेंबर 2024 मध्ये 20 वर्षांसाठी आत गेला.

मला खरी गोष्ट दिसते ती सुनच्या चिनी क्लबांत. डालियन शिदे 2013 मध्ये संपला. चेंगडू ब्लेड्स गेला. शान्शीहून ग्वेजोला, तिथून बीजिंगला बिऱ्हाड हलवणारा रेन्हे गेला. चोंगछिंग 2022 मध्ये गेला. माणूस 2016 मध्ये निवृत्त झाला आणि मायदेशी ज्या ज्या क्लबाची जर्सी त्याने घातली, त्यातला आज एकही जागेवर नाही. मालकाचा धंदा बसला की क्लब बसतो. गाव आपलं बघत राहतं.

ग्रुपवर लगेच कुणीतरी बायचुंगचं नाव काढतो. बरोबर, भारताचा स्ट्रायकर बायचुंग भुतिया 1999 मध्ये इथल्या 'बरी' नावाच्या गावच्या क्लबला आला होता, माझ्या घरापासून ट्रामने अर्ध्या तासावर. तो 'बरी' क्लब कर्जात बुडाला आणि 2019 मध्ये लीगमधून हाकलला गेला. पण गावाने वर्गणी काढली, भांडणं केली, दोन तुकडे झाले ते पुन्हा जोडले, आणि 2023 मध्ये गिग लेन या जुन्या मैदानावर परत सामने सुरू झाले. बऱ्याच खालच्या लीगमध्ये, पण सुरू. मी तिथे एकदा गेलो होतो. गेटवर तिकिटं फाडणारे आजोबा स्वयंसेवक होते, आणि पाऊस असूनही रांग लागलेली.

आपल्याकडे महिंद्रा युनायटेड गेलं. पुणे एफसी गेलं. कुणी वर्गणी काढली नाही, मीही नाही. 'एक पोरगा' पाठवायचा, तर तो पाठवणार कुठून, हे ग्रुपवर विचारलं तर दोन अंगठे आले आणि विषय क्रिकेटवर गेला.

एफसी पुणे सिटीची जर्सी मी हौसेने घेतली होती, बालेवाडीला जायचो तेव्हा. 2019 मध्ये क्लब बंद झाला. गेल्या सुट्टीत घरी गेलो तर आई त्या जर्सीने ओटा पुसत होती.