एक लाखाचं भांडवल म्हणजे बोगस कंपनी? ‘कुंडली’वाल्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं : कोणत्याही स्टार्टअपची आणि तिच्या फाउंडरची कुंडली दहा मिनिटांत, फुकटात काढता येते. कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाका. नाव सापडलं नाही, भांडवल लाखभरच आहे, ऑफिस फ्लॅटमध्ये आहे, कंपनी तोट्यात आहे किंवा फाउंडरची आधीची कंपनी बंद पडलीय, तर माणूस बोगस. उलट ‘अ‍ॅक्टिव्ह’ लिहिलेलं असेल, सरकारची स्टार्टअप मान्यता असेल, पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर आणि नावापुढे टीएम (ट्रेडमार्कचं चिन्ह) असेल, तर बिनधास्त पैसे लावा. शेवटी ‘प्रत्येक नागपूरकरापर्यंत पोहोचवा’. लोक पोहोचवून राहिले.

माहिती उघड आहे आणि ती पाहावी, एवढं यातलं बरोबर आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याने जवळजवळ प्रत्येक वेळी चुकीच्या रकान्यावर बोट ठेवलंय.

भांडवलाचंच घ्या. खासगी कंपनीचं भरणा भांडवल, म्हणजे दिलेल्या शेअरांच्या दर्शनी मूल्याची बेरीज, किमान १ लाख रुपये हवं, ही अट २०१५ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यातून गेली. आज दहा हजारांतही कंपनी निघते. अधिकृत भांडवल ही तर नुसती वरची मर्यादा. किती रकमेपर्यंतचे शेअर काढता येतील, एवढंच ती सांगते. ती वाढवायची तर फी आणि मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून सीए सुरुवातीला ती लहानच ठेवायला सांगतात. शिवाय १० रुपये दर्शनी मूल्याचा शेअर गुंतवणूकदाराला हजार रुपयांना दिला, तर भरणा भांडवलात दहाच रुपये दिसतात. उरलेले ९९० ताळेबंदात ‘सिक्युरिटीज प्रीमियम’मध्ये जातात. त्यामुळे कोट्यवधी उभे केलेली कंपनीही पहिल्या पानावर फाटकी दिसू शकते. मेसेज वाचणारा त्याच पानावर थांबतो.

फ्लॅटचा मुद्दा तर हास्यास्पद. कायद्याला नोंदणीकृत कार्यालय लागतं ते पत्रं आणि नोटिसा पोहोचायला. मालकाचं ना-हरकत पत्र आणि विजेचं बिल जोडलं की राहतं घरही चालतं. मनीषनगरच्या दोन खोल्यांत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरांनी आधी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत प्लॉट घ्यावा की काय?

‘नाव सापडलं नाही म्हणजे फसवणूक’ हे त्याहून घातक आहे, कारण इतवारी-गांधीबागेतल्या कितीतरी पेढ्या एकमालकी किंवा भागीदारीच्या आहेत. त्या कंपनी मंत्रालयाच्या यादीत असणारच नाहीत. तिथे कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीच्या भागीदाऱ्या) सापडतात. आणि ब्रँडचं नाव वेगळं, कंपनीचं वेगळं, हे नागपूरकराला तरी सांगायला नको. नागपूरचे आणि दिल्लीचे हल्दीराम वर्षानुवर्षं वेगळ्या कंपन्यांचे होते, एकाच कुटुंबाच्या वेगळ्या शाखांकडे. दोघांचे खाद्यपदार्थांचे व्यवसाय एकत्र आणायला स्पर्धा आयोगाची मंजुरी २०२३ मध्ये मिळाली. एका पाटीवरून दुसऱ्याचा ताळेबंद वाचायला गेलात तर काय हाती लागणार?

त्यापेक्षा बिलावरचा जीएसटी क्रमांक बघा. पंधरा चिन्हांतले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा चिन्हं म्हणजे पॅन. एकूण क्रमांकातलं सहावं अक्षर पी असेल तर धंदा एका व्यक्तीच्या नावावर, सी असेल तर कंपनी, एफ असेल तर भागीदारी किंवा एलएलपी. जीएसटी पोर्टलवर तोच क्रमांक टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव दोन्ही शेजारी दिसतात, नोंदणी चालू आहे की रद्द तेही. हे खरोखर फुकट आहे आणि मेसेजमध्ये ते नाही.

आता ‘अ‍ॅक्टिव्ह’. या शब्दाचा अर्थ रजिस्ट्रारच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, वहीत कंपनीचं नाव शाबूत आहे, इतकाच. धंदा चालतो का, पगार वेळेवर होतात का, माल बरा आहे का, यातलं काही तो सांगत नाही. सातबाऱ्यावर यंदा पऱ्हाटी पेरल्याची नोंद असते, पण कापूस किती क्विंटल निघाला ते कुठे असतं?

त्या पानावर खरी बघायची गोष्ट शेवटच्या ताळेबंदाची तारीख आहे. मार्चअखेरच्या वर्षाची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, ताळेबंद सभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत दाखल करावं लागतं. म्हणजे ऑगस्टमध्ये तुम्ही जे आकडे वाचता ते बहुधा आदल्या वर्षीच्या मार्चचे, सतरा महिने जुने. स्टार्टअपच्या आयुष्यात तेवढ्यात सगळं उलटंपालटं होतं. पण ताळेबंद मुदतीत आलाच नाही, तर ती बातमी ताजी असते. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूजचं उदाहरण सगळ्या देशासमोर आहे. २०२०-२१ चे लेखापरीक्षित आकडे आले थेट सप्टेंबर २०२२ मध्ये, तोटा ४,५८८ कोटी. तोवर क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव होतं आणि मूल्यांकन २२ अब्ज डॉलर सांगितलं जात होतं. जून २०२३ मध्ये लेखापरीक्षक डेलॉइटने काम सोडलं. मुलाखती आणि जाहिराती बघणाऱ्यांना जे दिसलं नाही, ते रिकाम्या रकान्यात कित्येक महिने दिसत होतं. त्यावरून संस्थापकाच्या मनात काय होतं हे कळत नाही, आणि ते कळल्याचा आव आणायचंही कारण नाही. हिशेब उशिरा आला, एवढं कळतं. पैसे देणाऱ्याला तेवढं पुरतं.

तोटा म्हणजे लबाडी, हेही खरं नाही. झोमॅटो २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि तिने पहिला तिमाही नफा एप्रिल-जून २०२३ मध्ये दाखवला, २ कोटींचा. तोटा कशावर झाला ते वाचायला हवं. जाहिरातीवर, पगारावर, की संचालकांच्याच दुसऱ्या फर्मला दिलेल्या भाड्यावर आणि ‘सल्ला फी’वर? हे ताळेबंदाच्या टिपांत, संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांखाली मिळतं. तिथेच लेखापरीक्षकाचा शेरा असतो. ही कागदपत्रं पाहायला कंपनीमागे शंभर रुपये पडतात. मेसेजमधलं ‘फुकट’ तिथे संपतं, आणि तो शंभर रुपयांचा भागच कामाचा आहे. लहान कंपन्यांना रोख प्रवाहाचं पत्रक देण्यातून सूट असते, हेही ध्यानात असू द्या.

‘आधीची कंपनी बंद पडली म्हणजे भामटा’ या ओळीने मला सगळ्यात जास्त चीड आली. २०१७ मध्ये विवरणपत्रं न भरल्यामुळे रजिस्ट्रारने २ लाखांहून जास्त कंपन्यांची नावं एका झटक्यात काढली. दुसरीकडे, धंदा जमला नाही म्हणून देणी चुकती करून स्वतः अर्ज देऊन कंपनी बंद करणारेही असतात. कायद्याचं कलम एकच, २४८, आणि यादीत दोघांपुढे शेरा सारखाच दिसू शकतो. पहिल्या प्रकारात विचारायला हवं, दुसऱ्यात त्या माणसाचं कौतुक करायला हवं. त्यात पुन्हा माणूस तोच आहे का, हे नावावरून ठरवू नका, संचालकाचा डीआयएन (ओळख क्रमांक) जुळवा. विदर्भात एका नावाचे चार देशमुख कुठेही सापडतील. दुसऱ्याच देशमुखाला ग्रुपवर बोगस ठरवलंत, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, बदनामीचं, तुमच्यासाठी उघडं आहे.

सरकारी शिक्क्यांचं थोडक्यात. स्टार्टअप मान्यता म्हणजे ठरलेल्या व्याख्येत कंपनी बसते, सरकारने तिचा धंदा तपासलाय असं नाही. करसवलतीचा अर्ज वेगळा असतो. टीएम कुणीही लावू शकतो. गोलातला आर मात्र नोंदणीनंतरच, आणि खोटा लावणं गुन्हा आहे. ट्रेडमार्कच्या शोधात ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की लोक घाबरतात. ती कार्यालयातल्या परीक्षकाची शंका असते, तिसऱ्या माणसाने विरोध केला की ‘अपोज्ड’ दिसतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने झाला तर लहान धंद्याची नोंदणी. हातातलं पाकीट प्रयोगशाळेत गेलं होतं, असा त्याचा अर्थ नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या भागातल्या फळाला. बरणीवर ‘नागपुरी’ छापणाऱ्या प्रत्येक ब्रँडला ते आपोआप लागू होत नाही. बरणी उलटी करून निर्माता आणि विक्रेता वेगळे आहेत का ते वाचा.

आपण कोण म्हणून बघतोय हेच या मेसेजला सुचलेलं नाही. नोकरीला जाणाऱ्याने भांडवल कशाला बघायचं? त्याने पीएफच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव शोधून दरमहा भरणा होतो का ते बघावं. डिपॉझिट भरून डीलरशिप घेणाऱ्याने मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची ‘चार्जेस’ची यादी काढावी. कंपनीने काय काय कुणाकडे तारण ठेवलंय ते तिथे असतं, आणि उद्या कंपनी बुडाली तर ते सावकार आधी, डीलर मागे. संत्र्याचा जॅम घेणाऱ्याला यातलं काहीच नको, बरणीची मागची बाजू पुरे.

राहिलं ‘बिनधास्त पैसे लावा’. खासगी कंपनीला लोकांकडून जाहीरपणे पैसे मागता येत नाहीत. कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे शेअरची ऑफर नाव घेऊन, ठरावीक लोकांनाच, आर्थिक वर्षात जास्तीत जास्त २०० जणांना देता येते, आणि तिची जाहिरात करायला बंदी आहे. रक्कमही बँकेतूनच द्यायची, रोख चालत नाही. सोसायटीच्या किंवा वऱ्हाडी मंडळाच्या ग्रुपवर कुणी ‘आपल्या माणसाचं स्टार्टअप, पन्नास हजार टाका’ म्हणत असेल, तर संकेतस्थळ उघडायच्या आधीच नियम मोडलेला आहे, कंपनी अ‍ॅक्टिव्ह असो की नसो.