नोट आधी भिंगाखाली धरा, मग सुंदर म्हणा

नोटांच्या संग्राहकांत एक वाद कायम रंगतो : जगातली सगळ्यात देखणी नोट कोणती? आणि दर वेळी बोलणं चित्रावर घसरतं. कुणाला पक्षी आवडतो, कुणाला राणी. मला हे पटत नाही. सुंदर चित्र कॅलेंडरवरही असतं. नोटेत खरी जादू रेषेची असते.

जुन्या पद्धतीत कारागीर पोलादी पत्र्यावर चेहरा उलटा कोरतो. खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि कागद प्रचंड दाबाने त्यावर दाबायचा. कागद खाचेतली शाई उचलून घेतो, म्हणून करकरीत नोटेवरून बोट फिरवलं की छपाई हाताला लागते. अशा चेहऱ्यावर भिंग धरून बघा. मघाशी जो गाल दिसत होता, तो नुसते ठिपके आणि तुटक रेषा निघतो. हनुवटीखाली त्याच रेषा जाड होतात, एकमेकींना छेदतात, की झाली सावली. करडा रंग कुठेच नाही; फक्त शाई आणि तिच्यामधून डोकावणारा कोरा कागद. मी यावर तासन् तास घालवू शकतो.

अमेरिकेची १८९६ची एक डॉलरची नोट घ्या. इतिहासरूपी स्त्री एका मुलाला समोरचं वॉशिंग्टन शहर दाखवतेय. एवढासा कागद, पण दूरच्या इमारतींपर्यंत नजर जाते, कारण लांब जाता जाता रेषा विरळ होत जातात. ही नोट ज्या मालिकेतली, ती फार काळ टिकली नाही याची मला आजही हळहळ वाटते.

रेष म्हणजे फक्त जुनं, असंही नाही. नेदरलँड्सचे नोटांचे रचनाकार ओत्ये ऑक्सेनार यांची १९८२ची ५० गिल्डरची (गिल्डर म्हणजे तिथलं युरोआधीचं चलन) नोट बघा : पिवळंधमक सूर्यफूल आणि त्यावर मधमाशी. कुठलाही थोर माणूस नाही, तरी हातात घेतल्यावर नोटच वाटते. इथे बारीक रेषांचं जाळं नक्कल अवघड करतं आणि तेच जाळं फूलही घडवतं. सुरक्षा आणि सौंदर्य वेगळं काढताच येत नाही. माझी कसोटी हीच. हल्लीच्या बऱ्याच नोटांत चमकता पट्टा, पारदर्शक खिडकी, रंग बदलणारी शाई असं सगळं असतं, पण शेजारी शेजारी चिकटवल्यासारखं. डोळा ठरत नाही.

आणि आपण संग्राहक? फॅन्सी नंबर (नोटेवरचे वेधक क्रमांक) आणि ग्रेड (नोट किती कोरी, त्याचा दर्जा) यांत इतके गुंततो की नोट जपणुकीच्या पाकिटात गेली की पुन्हा बघतही नाही. घडी पडलेली, कडा झिजलेली नोटही जरूर बघा. ऑक्सेनार यांनी १००० गिल्डरच्या नोटेवर तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या केसांत स्वतःच्या बोटाचा ठसा दडवला होता. तो शोधायला ग्रेड लागत नाही, भिंग लागतं.