ब्रेक सुटला नाही म्हणून काम झालंच नाही म्हणे

आली पगाराची स्लिप. त्या धुक्यातल्या सकाळचे किती मिळाले? भोपळा. दारं बंद, माणसं आत बसलेली, एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, म्हणतंय उड्डाणाचा स्लॉट नाही थांबा, अजून थांबा, आम्ही दोघं कॉकपिटमध्ये इंधनाचा हिशोब परत परत मांडतोय, पर्यायी विमानतळाचं हवामान बघतोय, ड्यूटी टाइम, म्हणजे आमच्या कामाच्या तासांची मर्यादा, संपला तर काय म्हणून ऑपरेशन्सशी वाद घालतोय, मागून केबिन क्रूचा सारखा फोन की लोकांना आता काय सांगू, आणि हे सगळं फुकट. का? तर पार्किंग ब्रेक सुटला नव्हता. चाक हललं तरच मीटर पडणार. म्हणजे तोपर्यंत मी तिथे हवापालट करायला बसले होते का! मेल केला तर उत्तर एका ओळीचं, 'पॉलिसीनुसार', आणि खाली सहा ओळींची सही.

पावसात विमानाभोवती फिरून टायर बघायचे ते फुकट, ब्रीफिंग फुकट, दोन फ्लाइटमधली ताटकळ फुकट. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सने २०२२ मध्ये केबिन क्रूला बोर्डिंगच्या वेळेचे पैसे चालू केले तर केवढी बातमी झाली, आणि तेही निम्म्या दराने!

वर नातेवाईक. 'तुला काय बाई, जगभर फुकट फिरायचं.' अहो फुकट नाही, स्टँडबाय. टॅक्स भरा, गेटवर नटूनथटून उभे राहा, सीट उरली तर जा. सुट्ट्यांच्या दिवसांत उरते का कधी? सख्ख्या भावाच्या लग्नाला मी शेवटी पूर्ण पैसे मोजून दुसऱ्या कंपनीच्या विमानाने गेले.

पगाराचा आकडा ऐकून डोळे मोठे करणाऱ्यांनी आधी त्यातून ट्रेनिंगचं कर्ज वजा करावं. टाइप रेटिंगचा, म्हणजे एका प्रकारचं विमान चालवायच्या परवान्याचा, बाँड आहे तोवर कंपनी सोडून हलता येत नाही, आणि संपल्यावर दुसरीकडे गेलं तर सिनिऑरिटी लिस्टमध्ये परत तळाला, लॉगबुकात कितीही तास असोत. मेडिकल तर विचारूच नका, डॉक्टरने सही नाही केली की घरी बसा. लॉस ऑफ लायसन्सचा विमा काढलाय, पण त्याच्या अटी वाचल्या की बीपी वाढतं आणि बीपी वाढलं की मेडिकल... जाऊ दे.

पेन्शन? हडसन नदीवर विमान उतरवलं, १५५ च्या १५५ माणसं वाचली, त्या सलेनबर्गरने २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जाऊन सांगितलं की पगार ४० टक्के कापला आणि पेन्शन गेली. त्याची ही गत, मग धुक्यात ब्रेक लावून बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे माझ्यासारख्या सहवैमानिकाला, कोण विचारतंय.

आणि एवढी तणतण करणारी मीच, परवा फ्लाइंग स्कूलची एक मुलगी 'ताई, या लाइनला येऊ का' विचारायला आली तर तिला क्रॉसविंड लँडिंग हातवारे करून दाखवत बसले, पगाराचा विषयच निघाला नाही. कंपनीला आमचं हे बरोब्बर माहितीये, म्हणून तर चाललंय सगळं.

हां, डेडहेडचं राहिलंच. युनिफॉर्मवर प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी नेऊन सोडतात, पैसे निम्मे, सीट मधली, आणि शेजारचे काका घाबरून विचारतात, 'तुम्ही इथे, मग पुढे कोण आहे?'