मंद्याचा अ‍ॅम्प आणि संज्याचा मीटर

"पडदा उठला रे! अक्षरशः पडदा उठला," असं मंद्या परत एकदा म्हणाला तेव्हा वैभ्याने कटिंगचा ग्लास पायरीवर आपटला.

"कसला पडदा? तुझ्या खिशाचा?"

डोंबिवलीत संज्याचं साउंडचं गोडाऊन आहे, त्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसतो. त्या दिवशी हळदीची ऑर्डर होती म्हणून शटर अर्धं वर होतं आणि संज्या आत केबली गुंडाळत होता. मंद्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० हा हेडफोन आधीपासून आहे. त्याच्यासाठी त्याने आता फोन आणि हेडफोनच्या मधे लावून आवाजाची ताकद वाढवणारा, चौदा हजारांचा वेगळा हेडफोन अ‍ॅम्प घेतला. अ‍ॅम्प लावल्यापासून तंबोरा सुटा ऐकू येतो, बास घट्ट झालाय, गायकाचा श्वास कळतो, अशी त्याची यादी. वैभ्याचं म्हणणं एका वाक्याचं: तोच हेडफोन तो हजाराच्या आतबाहेर मिळणाऱ्या अ‍ॅपलच्या डोंगलवर, म्हणजे फोनला हेडफोनचा जॅक देणाऱ्या छोट्या केबलवर, ऐकतो, मस्त वाजतो, बाकी सगळे मनाचे खेळ.

पेंडसेकाका बसले की वाद जुना होतो. "आमच्या वेळी अ‍ॅम्पलाच हेडफोनचं भोक असायचं," ते म्हणाले. "वेगळा डबा कशाला लागतो?"

"काका, त्या भोकाची वेगळी गोष्ट आहे, ती नंतर," स्नेहा म्हणाली. ती ऑडिओबुकचं एडिटिंग करते, दिवसभर कानाला हेडफोन. म्हणून तिचं आम्ही निमूट ऐकतो, निदान पहिली दोन मिनिटं. "मंदार, आधी मला सांग, एचडी ६०० किती ओहमचा?"

"तीनशे."

"आणि एका व्होल्टला किती डेसिबल?"

ओहम म्हणजे हेडफोन करंटला किती अडवतो, आणि दुसरा आकडा म्हणजे एका व्होल्टच्या बदल्यात तो किती आवाज देतो. मंद्या गप्प. चौदा हजार खर्च केलेल्या माणसाला हा आकडा माहीत नसावा याचं मला फार नवल वाटलं नाही. जाहिरातीत तो नसतोच, 'क्रिस्टल क्लिअर' असतं.

"सत्त्याण्णव," तिनेच सांगितलं. "म्हणजे डोंगलने पूर्ण एक व्होल्ट दिला तर सगळ्यात मोठा आवाज ९७ डेसिबल. आता ख्यालाच्या चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये सरासरी आवाज त्या टोकापेक्षा वीसेक डेसिबल खाली असतो. म्हणजे सत्त्याहत्तर. घरात बसून ऐकायला ठीक. आलापीच्या सुरुवातीला खर्जात गाणारा अजून खाली जातो, तिथे हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो आणि व्हॉल्यूम तर आधीच पूर्ण असतो."

"बघ!" मंद्या.

"बघ काय? एका व्होल्टवर काम भागतं असं ती म्हणतेय," वैभ्या. "फिल्मी गाण्यात तर सरासरीच वर चढवलेली असते. माझा डोंगल अर्ध्यावर असतो."

इथे दोघंही खरं बोलत होते, आणि तरी दोघांचं जुळत नव्हतं. ते जुळवलं संज्याने. तो केबल खांद्यावर टाकून बाहेर आला आणि म्हणाला, "डोंगल कुठल्या फोनला लावता?" वैभ्याकडे सी-टाइपवाला आयफोन, मंद्याकडे अँड्रॉइड.

"मग आत या. तोंडाने व्होल्ट मोजता येत नाहीत."

आत बासच्या पेट्यांची थप्पी, त्यावर मिक्सर, त्यावर संज्याचा पिवळा मल्टिमीटर. हा मीटर मी गणपतीत जनरेटरपासून माईकच्या केबलपर्यंत सगळ्याला लागलेला पाहिलाय. त्याने एका जॅकचं प्लास्टिक सोलून दोन मगरी क्लिपा लावल्या, हेडफोन जोडलेलाच ठेवला आणि वैभ्याला फोनवर एकसुरी टोन लावायला सांगितला. वैभ्याने एक किलोहर्ट्झ लावला तर संज्या ओरडला, "खाली घे, शंभर हर्ट्झवर ये. हा मीटर वर गेला की गंडतो." आयफोनवर व्हॉल्यूम पूर्ण: काटा नाही, आकडे, एक व्होल्टच्या आसपास स्थिरावले. मग तोच डोंगल, तोच टोन, मंद्याचा फोन, व्हॉल्यूम पूर्ण. निम्म्याच्याही खाली.

"हे घ्या," संज्या म्हणाला. "वस्तू एकच, फोन बदलला की सहा डेसिबल गायब."

हा प्रकार बऱ्याच अँड्रॉइड फोनवर होतो. डोंगलच्या आतला स्वतःचा व्हॉल्यूम फोन पूर्ण वर नेत नाही, स्क्रीनवरची पट्टी शंभर टक्के दिसत असली तरी. मंद्या वर्षभर असाच डोंगल लावून नव्वद-एक्याण्णव डेसिबलच्या छताखाली ख्याल ऐकत होता, म्हणजे सरासरी सत्तरच्या आसपास. शेजारच्या घरातला टीव्ही त्यात मिसळला की तंबोरा जाणारच. अ‍ॅम्पने त्याला व्होल्ट दिले. चार व्होल्ट मिळाले तर छत १०९ पर्यंत जातं. त्याचा पडदा खरोखरच उठला होता.

"म्हणजे मी जिंकलो," मंद्या.

"तू जिंकलास व्होल्टवर. 'बास घट्ट झाला' वगैरेचं काय?" वैभ्या सोडणाऱ्यातला नाही.

यावर स्नेहाने बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांचं १९३३ सालचं काम काढलं. आवाज हळू असला की माणसाच्या कानाला खालचे सूर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की बास आपसूक भरतो. म्हणून दुकानात दोन वस्तू शेजारी ठेवून ऐकवल्या की जी किंचित मोठी, ती 'जास्त मोकळी', 'जास्त भरीव' वाटते. एखाद्या डेसिबलचा फरक 'मोठा आवाज' म्हणून जाणवतही नाही, 'चांगला आवाज' म्हणून जाणवतो. माझ्या मते या धंद्यातल्या निम्म्या रसभरीत वर्णनांच्या मुळाशी एवढंच आहे.

"मग बरोबरीत आणून ऐका ना," काका म्हणाले. आणि हीच त्या संध्याकाळची सगळ्यात शहाणी सूचना होती.

संज्याने डोंगलमधून वाय केबल काढली. एक पाय सरळ हेडफोनकडे, दुसरा अ‍ॅम्पमधून. टोन लावून अ‍ॅम्पची खुंटी इतकी बारीक फिरवत आणली की मीटरवर दोन्हीकडे तोच आकडा आला. एक टक्क्याच्या आत पाहिजे, असं स्नेहा बजावत होती, कारण एक टक्का व्होल्ट म्हणजे साधारण ०.१ डेसिबल आणि त्याच्या पुढे कान फसायला लागतो. फोन आयफोनच, म्हणजे व्होल्टची तंगी कुणालाच नको. शटर खाली ओढलं. मंद्या पाठ करून पेटीवर बसला, संज्या मागे उभा राहून जॅक इकडचा तिकडे करणार. त्यातही संज्याचा खोडसाळपणा असा की मधेच जॅक काढून परत त्याच भोकात घालायचा, म्हणजे खटका ऐकून अंदाज बांधता येऊ नये.

मंद्याने सुरुवातीला ठामपणे सांगितलं, "हा अ‍ॅम्प." होता डोंगल. मग "हा डोंगल." तोही डोंगल. मग बरोबर, मग परत चूक. थोड्या वेळाने ठामपणा गेला आणि तो "थांब, परत तोच लाव" वर आला. नंतर काका बसले. त्यांनी दोन-चारदा ऐकून हेडफोन उतरवला आणि म्हणाले, "बुवा छान गातायत. बाकी मला काही कळलं नाही."

वैभ्या नाचायचाच बाकी होता. पण स्नेहाने त्यालाही पकडलं.

"तुझा निष्कर्ष एवढ्याच हेडफोनचा आणि एवढ्याच आवाजाचा आहे. इथे एचडी ६०० च्या जागी हायफायमनचा एचई-६ असता तर डोंगल कोपऱ्यात बसून रडला असता."

एचई-६ हा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्याचा हेडफोन. एका मिलिवॅटला ८३.५ डेसिबल, ५० ओहम. ११० च्या टोकापर्यंत जायचं तर एचडी ६०० ला सत्तरेक मिलिवॅट पुरतात, याला साडेचारशेच्या घरात लागतात. व्होल्ट दोघांनाही साधारण साडेचार-पावणेपाचच लागतात, पण करंटमध्ये जवळजवळ सहापट फरक पडतो. लोक त्याला स्पीकरच्या अ‍ॅम्पवर वाजवायचे ते काही हौस म्हणून नाही. ओहम जास्त म्हणजे वाजवायला अवघड हा समज इथेच कोसळतो: ५० ओहमवाला ३०० ओहमवाल्यापेक्षा कितीतरी खादाड निघाला. दोन्ही आकडे पाहावे लागतात, ओहम आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठराविक ताकदीला किती डेसिबल.

स्नेहाचा स्वतःचा बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आहे, ८० ओहमवाला. तो ३२ आणि २५० मध्येही मिळतो. एका मिलिवॅटला ९६ डेसिबल धरले तर एका व्होल्टवर २५० वाला १०२ ला पोचतो, ८० वाला १०७ ला, ३२ वाला १११ ला. "तरी लोक २५० घेतात, 'स्टुडिओवाले तोच वापरतात' म्हणून, आणि मग त्याच्यासाठी अ‍ॅम्प शोधत फिरतात," ती म्हणाली. हे वाक्य ती बहुतेक रोज कुणाला तरी ऐकवत असावी.

"आता माझ्या भोकाचं सांग," काकांनी आठवण केली.

काकांकडे जुना स्टिरिओ अ‍ॅम्प आहे, स्पीकरवाला. त्यात हेडफोनसाठी वेगळं सर्किट नसतं. स्पीकरच्याच आउटपुटला मधे काही शे ओहमचे रेझिस्टर टाकून जॅक काढलेला असतो. एचडी ६०० चा इम्पिडन्स, म्हणजे तोच ओहमचा आकडा, सगळीकडे तीनशे नसतो, शंभर हर्ट्झच्या आसपास तो पाचशेच्या वर चढतो. मधे ३३० ओहमचा रेझिस्टर असेल तर व्होल्टची वाटणी बदलते आणि त्या भागात दोनेक डेसिबलचा फुगवटा येतो. "त्यामुळे तुमच्या अ‍ॅम्पवर तबल्याचा बायाँ जड वाजतो, काका. हा फरक खरा आहे, मीटरवर दिसतो. काही व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा जो 'ऊबदार' आवाज म्हणतात, त्यातला बराचसा भाग हाच."

"म्हणजे तो बिघाड?"

"मूळ रेकॉर्डिंगच्या हिशेबाने बिघाडच."

"मला आवडतो," काका म्हणाले. विषय संपला. आणि खरं सांगायचं तर यावर उत्तर नाही. फक्त ज्याला तो आवडतो त्याने 'जास्त अस्सल' म्हणू नये, 'मला आवडतो' म्हणावं, काकांसारखं.

कानात घालायच्या बारीक इअरफोनची गोष्ट उलटी. त्यातल्या काहींचा इम्पिडन्स एखाद्या पट्ट्यात दहा ओहमच्याही खाली घसरतो. त्यांना ताकद नको असते, आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे समोरच्या डब्याचे स्वतःचे ओहम, कमी हवा असतो. हेडफोनच्या आठव्या हिश्शाहून कमी, असा साधा ठोकताळा आहे. त्यावर दांडगा अ‍ॅम्प लावला तर बक्षीस म्हणून शूंऽऽ असा हिस मिळतो. आणि चुकून हाय गेनवर, म्हणजे आवाज जास्त वाढवायच्या खटक्यावर, राहिला तर कानाची वाट.

मधेच पप्या आला, त्याने सगळं अर्धवट ऐकलं आणि विचारलं, "माझ्या ब्लूटूथवाल्याला लावला तर?" त्याला सांगितलं की तुझ्या हेडफोनच्या पोटातच अ‍ॅम्प आहे, बाहेरचा लावायला जागा नाही. तो लगेच वडापाव आणायला गेला. सगळ्यात स्वस्तात सुटला तो.

वैभ्याला मात्र एक गोष्ट छळत होती. त्याच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरला पुढच्या जॅकवर माउस हलवला की किरकिर येते आणि लॅपटॉप दोन पिनच्या चार्जरवर असला की गुणगुण. "मग तिथे अ‍ॅम्प लावू का?"

"नको," संज्याने केबलवरून मान वर न करता सांगितलं. "घाण जॅकमधूनच येतेय. अ‍ॅम्प ती मोठी करून देईल. तिथून आवाज घेऊच नको, यूएसबीवरून घे. तुझा डोंगल लाव." लग्नाच्या हॉलमधली हम शोधण्यात ज्याची हयात गेली त्याने सांगितल्यावर वैभ्याने वाद घातला नाही. बाय द वे, अर्थिंगच्या बाबतीत आपल्या सोसायट्यांचं काय चालतं हा वेगळा कट्टा होईल.

वैभ्याने मग आपल्या आवडत्या माणसाची कथा काढली. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणारा एक अनामिक इंजिनिअर होता. त्याने २०११ मध्ये ओ-टू नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचं डिझाइन मोजमापांसकट सगळ्यांसाठी खुलं केलं. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा साधा डबा. पण आउटपुट इम्पिडन्स साधारण अर्धा ओहम, आणि महागड्या डब्यांना लाजवणारी मापं. २०१२ मध्ये तो लिहायचा थांबला तो थांबलाच. वैभ्याच्या मते त्यानंतर या विषयात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. मला तो माणूस आवडतो, पण वैभ्या त्याचं नाव 'अ‍ॅम्प लागतच नाही' या बाजूने घेतो ते काही पटत नाही. त्याने अ‍ॅम्पच तर बनवला होता! त्याचा मुद्दा अ‍ॅम्प मोजून घ्या हा होता.

"माझे चौदा हजार गेले का मग?" मंद्याने शेवटी विचारलं.

स्नेहा म्हणाली, "तुझ्या फोनवर, तुझ्या हेडफोनवर, ख्याल ऐकायला अ‍ॅम्प हवा होता. चौदाचा हवा नव्हता. दोन व्होल्ट देणारा थोडा दणकट डोंगल मिळाला असता तरी छत १०३ ला गेलं असतं. आणि आता चार व्होल्ट हातात आहेत तर जपून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल एवढंच सांगते. तीन डेसिबल वाढले की तास निम्मे."

"परत देता येईल," वैभ्या उत्साहाने म्हणाला. "काही दिवसांत रिटर्न असतं ना."

"खोकं आईने रद्दीत दिलं."

काकांनी अ‍ॅम्प उचलून उलटा-पालटा करून पाहिला. "मला दे चार दिवस. पण हेडफोनसकट दे."

"काका, हेडफोन नाही!"

"मग अ‍ॅम्प घेऊन काय करू, टेबलावर ठेवू?"

हे चालू असताना संज्याने मगरी क्लिपा काढून मीटर खिशात घातला, टेम्पोवाल्याला फोन लावला आणि आम्हाला म्हणाला, "ज्याला बास पाहिजे त्याने या दोन पेट्या उचला. हळद कोपरला आहे आणि पोरं अजून आली नाहीत."