म्हशीची नोंद हाय, मालकाची न्हाई

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितोय.

दाजींना घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो होतो. खुबा पार झिजलाय, बदलावा लागणार. मागं अपघातात दाजींचं पेल्व्हिस, म्हणजे कंबरेचं हाड, मोडलं होतं, ते प्लेट बसवून जोडलेलं. डॉक्टरांनी एक्स-रेतल्या त्या जुन्या प्लेटवर पेन टेकवलं. "ही कुठल्या कंपनीची? ऑपरेशनचे कागद कुठायत?" स्क्रूच्या डोक्यात बसणारा नेमका स्क्रूड्रायव्हर हाताशी नसला तर प्लेट काढताना हाल होतात म्हणे. आमची फाईल २०१९ च्या पुरात गेली. ऑपरेशन झालं तिथं फोन लावला, तर "एवढं जुनं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही."

ठेवत नाही! दाजींच्या गोठ्यातल्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला आहे, बारा आकडी नंबरचा. लस कधी टोचली, रेतन कधी झालं, सगळं मोबाईलवर दिसतं. मालकाच्या कंबरेत कुठलं लोखंड आहे, ते मात्र कुणाला सांगता येईना. आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य कार्ड, काढलंय की, चौदा आकडी. त्यात दाजींचं नाव तेवढं आहे.

स्वीडननं १९७९ पासून बदललेल्या खुब्यांची देशभर नोंद ठेवली. जर्मनीत पेल्व्हिसच्या फ्रॅक्चरची वेगळी नोंद १९९१ पासून. आपल्याकडं आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं, कॅन्सरची नोंदणी १९८१ लाच सुरू केली, म्हणजे जमत नाही असं नाही. पेल्व्हिसचे असले अवघड पेशंट एकेका सर्जनकडं मोजकेच येतात. कुणाची प्लेट टिकली, कुणाचा सांधा पुढं झिजला, हे सगळ्यांचं एकत्र मांडल्याशिवाय कळणार कसं?

दाजी धडकले ते उसाच्या ट्रॉलीला. रात्रीची वेळ, ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही. हंगामात आपल्या रस्त्यांवर काय चालतं, तुम्हाला सांगायला नको. अँब्युलन्समधल्या पोरानं चादरीची घडी करून खुब्यांभोवती करकचून आवळली. पेल्व्हिस मोडलं की आतल्या आत रक्त जातं आणि तसं बांधलं की ते कमी होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. दाजी आज आहेत त्यात त्या पोराचा वाटा मोठा. तेही कुठं लिहिलेलं नाही.

डॉक्टरांना फॉर्म भरायला वेळ नाही, पेशंटची माहिती फुटेल, वगैरे वगैरे. बरं, मान्य. मग भरायला माणूस द्या, नावं झाका. पण नोंद सरकारनं सक्तीची करावी, मर्जीवर सोडलं की काय होतं ते बघितलंय.

लिस्टमधल्या डॉक्टर मंडळींनो, नाव झाकून एक्स-रे पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. प्लेट ओळखू आली तर कंपनी सांगा. मंगळवारी परत बोलावलंय.