तारीख लिहायला काय जातं?

जुलै उजाडला की झालं सुरू! कोल्हापूरची पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याच्या 39 फुटांनाही टेकलेली नसते आणि इकडे ऑगस्ट 2019 च्या महापुराचे फोटो मोबाइलवर येऊन पडतात. वर 'आत्ताची परिस्थिती' आणि रडके चेहरे.

परवा आईने असाच एक पाहिला. छातीभर पाण्यात म्हातारा, खांद्यावर शेळीचं करडू. कणकेच्या हातानेच तिने शिरोळच्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, "अगं, दारात ऊन पडलंय!" आईचा हात मात्र बराच वेळ थरथरत होता.

अरे, त्या म्हाताऱ्याचं दुःख खरं होतं! ते दरवर्षी लाइकसाठी बाजारात मांडता? आणि पाणी खरंच धोक्याच्या 43 फुटांवर जाईल, तेव्हा तुमच्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार?