मागितलेच नाहीत कोणी

दिवाळीत इंदूरला गेले होते. रामबागेतल्या घरी रात्री जेवणं झाल्यावर दादाशी वाद झाला. "कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले, पुढे काय झालं? पैसा यायचा तो येतोच," असं त्याचं म्हणणं. हे रोखे म्हणजे देणाऱ्याचं नाव लोकांना न कळता पक्षाला पैसे देण्याची सोय. १५ फेब्रुवारी २०२४ ला तो निकाल आला तेव्हा टोरांटोत मध्यरात्र उलटली होती आणि मी जागी होते. पक्षाला पैसा कोण देतं हे जाणण्याचा मतदाराला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, याचा मला फार आनंद झाला होता.

दादाचं एक मात्र खरं. रोखीत फिरणाऱ्या पैशाला निकाल अडवत नाही. मध्य प्रदेशात लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाखांची, आणि पक्षाला कसलीच नाही. मग उमेदवाराचा हिशेब तपासून हाती काय लागणार?

कॅनडात संघीय निवडणुकांसाठी २००७ पासून कंपन्या आणि कामगार संघटना यांना देणगी देताच येत नाही. द्यायचं ते माणसाने, स्वतःच्या खिशातून. २०२५ मध्ये एका पक्षाला वर्षाला जास्तीत जास्त १,७५० डॉलर. पक्षाच्या प्रचारखर्चालाही मर्यादा आहे. सगळं आलबेल आहे असं नाही. एवढी रक्कम सहज देणारे आणि अजिबात न परवडणारे इथेही आहेतच.

पण मला खरी मोलाची वाटते ती एक बारीक तरतूद. पहिल्या ४०० डॉलरपर्यंत दिलेल्या देणगीचे ७५ टक्के थेट करातून कमी होतात. नागरिक नसले तरी कायम रहिवासी म्हणून मी मागच्या वर्षी १०० डॉलर दिले, ७५ करात वाचले. आपल्याकडेही आयकरात सूट आहे, पण ती उत्पन्नातून वजा होते. म्हणजे ज्याच्या कराचा दर मोठा त्याचाच फायदा मोठा. आणि नव्या करप्रणालीत तर ती मिळतच नाही.

शाळेत असताना गणेश मंडळाचं पावतीपुस्तक घेऊन मी आमच्या गल्लीत घरोघर फिरले आहे. कुणी ११ रुपये द्यायचं, कुणी २१. विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लागायचा, आणि ११ रुपये देणाऱ्या आजी तिथे उभ्या राहून विचारायच्या, "मांडववाल्याला इतके कसे रे दिले?" मंडळाच्या पोरांना उत्तर द्यावं लागायचं. पुढे एका पुढाऱ्याने सगळा खर्च उचलला. मांडव मोठा झाला, दारोदार फिरणं थांबलं. त्या वर्षीपासून फळाही लागला नाही. आजींनी काही विचारलं नाही. त्यांचं त्यात काही नव्हतंच.

कंपन्यांना बंदी हवी, पक्षांच्या खर्चाला मर्यादा हवी, हे मी मनापासून मागते. पण १०० रुपयांची पावती फाडणं पक्षांना फायद्याचं वाटेल अशी सोयही कायद्याने करायला हवी.

दादाला विचारलं, "पार्षदाच्या निवडणुकीत तू कधी १०० रुपये चंदा दिलास?"

तो थोडा वेळ गप्प बसला. "मागितलेच नाहीत कोणी," म्हणाला.